‘डायस्पोरा म्हणजे एनआरआयचं रडगाणं’? जरा थांबा

चार दिवसांत तीच पोस्ट तीन ग्रुपवर आली. मजकूर थोडक्यात असा : डायस्पोरा साहित्य (देश सोडून परमुलखात वसलेल्यांचं, त्यांच्या मुलाबाळांचं लेखन) म्हणजे पैशासाठी देश सोडलेल्या सुखवस्तू लोकांचं रडगाणं, लिहायचं इंग्रजीत, तेही गोऱ्यांना आवडेल असं, आणि ‘मी नक्की कुठला’ हे एवढं छळत असेल तर तिकीट काढा नि परत या. खाली टाळ्यांचे इमोजी. आमच्या मावशीनेही एक ठोकलाय, म्हणजे आता लिहिणं आलं.

‘पैशासाठी गेले.’ कोण गेले? ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली तेव्हा ऊसमळेवाल्यांना स्वस्तातले मजूर हवे होते, म्हणून 1834 पासून मॉरिशसला, 1845 पासून कॅरिबियन बेटांतल्या त्रिनिदादला आणि पुढे 1879 पासून फिजीला आपल्याकडून जहाजं भरभरून माणसं गेली, पाच वर्षांच्या करारावर, आणि त्या ‘ॲग्रीमेंट’चं लोकांनी केलं गिरमिट. तोताराम सनाढ्य 1893 मध्ये असेच फिजीला गेले, कामाच्या शोधात घर सोडलेला पोरगा, त्याला दलाल भेटला, नोकरीचं आमिष दाखवलं आणि मॅजिस्ट्रेटने काहीही विचारलं तरी ‘हो’ म्हणायचं एवढं पढवलं. तिकडे उतरल्यावर 12 फूट बाय 8 फुटांची खोली आणि तीत तीन माणसं. हे सुखवस्तू? 21 वर्षांनी ते परत आले आणि 1914 मध्ये त्यांचं पुस्तक आलं, हिंदीत बरं का, ‘फिजी द्वीप में मेरे इक्कीस वर्ष’. त्यांनी सांगितलं आणि हिंदी पत्रकार बनारसीदास चतुर्वेदींनी लिहून काढलं. गिरमिट बंद करा म्हणून इथे जी ओरड सुरू होती तिला या पुस्तकाने चांगलंच बळ दिलं, आणि 1917 मध्ये भरती थांबली. रडगाण्याने एवढं होत असेल तर रडलेलं बरं.

इंग्रजीचा मुद्दा अर्धा तिथेच निकालात निघाला. उरलेल्या अर्ध्यासाठी सॅम सेल्वन वाचा. त्रिनिदादचा माणूस, वडील मूळ मद्रासकडचे, 1950 मध्ये लंडनला गेला आणि 1956 मध्ये ‘द लोनली लंडनर्स’ ही कादंबरी लिहिली. आधी नीट साहेबी इंग्रजीत लिहायला बसला तर गाडी हलेना, मग निवेदनसुद्धा त्रिनिदादच्या बोलीतच केलं तेव्हा कुठे जमलं, म्हणजे आपल्याकडे पात्रं मालवणीत बोलतात आणि लेखक स्वतः प्रमाण मराठीत राहतो ना, तसं नाही, सगळंच मालवणीत. त्यात एक टँटी आहे, म्हणजे आत्या-मावशी म्हणा. भाचा फक्त आईला घ्यायला स्टेशनवर गेलेला आणि गाडीतून उतरतं अख्खं खटलं, त्यात ही. थोड्याच दिवसांत ती नाक्यावरच्या गोऱ्या वाण्याला ठणकावते की आमच्याकडे सामान आत्ता न्यायचं आणि पैसे शुक्रवारी द्यायचे, आणि तो बिचारा खरंच उधारी सुरू करतो! आता यात गोऱ्यांना खूश करणारं काय आहे ते पोस्टवाल्यांनी सांगावं. मला तर ती आमच्या चाळीतलीच वाटते.

‘परत या’ म्हणणं सगळ्यात सोपं. गिरमिट संपवून परत आलेही कितीतरी, पण समुद्र ओलांडला म्हणून गावाने जातीबाहेर टाकलं, आणि मग ही माणसं कलकत्त्याच्या मटियाबुर्जच्या झोपड्यांत अडकून पडली, परत वसाहतीत पाठवा म्हणून अर्ज करत. ज्यांना परत येऊन हे मिळालं त्यांना ‘मी कुठला’ हा प्रश्न पडायचा नाही तर काय पडायचं? आणि उलट बाजूनेही तेच. 1948 मध्ये ‘विंडरश’ जहाज लंडनजवळ टिलबरीला लागलं तेव्हापासून कॅरिबियनमधले लोक ब्रिटिश नागरिक म्हणूनच तिकडे गेले, त्यातली जी पोरं आईबापांच्या पासपोर्टवर गेली ती आयुष्यभर तिथे राबली, टॅक्स भरला, आणि म्हातारपणी त्यांना विचारलं गेलं की कागद दाखवा. उतरतानाची नोंदपत्रं तर सरकारनेच 2010 मध्ये नष्ट केलेली. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधोपचार थांबले, काहींना तर देशाबाहेर घालवलं, आणि 2018 मध्ये बोभाटा झाल्यावर सरकारने माफी मागितली. म्हणजे ‘तू कुठला’ हा प्रश्न कादंबरीकाराच्या डोक्यातून निघालेला नाही, काउंटरपलीकडे बसलेला कारकून तो विचारत असतो.

‘आपल्याला काय त्याचं’ असंही एकाने खाली लिहिलंय. मुंबई बंदरातूनही गिरमिटवाले मॉरिशसला गेलेत, आपली मराठी माणसं. आज त्यांच्या घरात बहुतेक क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, बोलतात, पण गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. पुण्यात बसून त्यांना एनआरआय म्हणणार का आपण?

एक मात्र कबूल. आंबा, आजी, लोणच्याची बरणी आणि विमानतळावरचे अश्रू असं ठरलेलं मिश्रण घालून केलेल्या कादंबऱ्या आहेत, भरपूर आहेत, आणि त्यांतल्या दोन मीही अर्ध्यात सोडल्यात. त्यांच्यावर हवी तेवढी टीका करा, मीही येतो सोबत. फक्त टँटीला त्यात ओढू नका.