त्या भोकात सिमेंट कशाला भरलंत?

सकाळपासून एक व्हिडिओ डोक्यातून जात नाहीये. जेमतेम चाळीस सेकंदांचा. गडाची तटबंदी, पायथ्याशी उकिडवा बसलेला गवंडी, शेजारी घमेल्यात कालवलेलं सिमेंट. सगळ्यात खालच्या थरात दोन दगडांमध्ये वीतभर भोक आहे. त्यात तो आधी दोन-तीन खडे सारतो, वर सिमेंट दाबतो आणि थापीने छान गुळगुळीत करतो. खाली लिहिलंय, 'जागतिक वारसा गडाची डागडुजी जोरात! जय शिवराय!' आणि बदामांचा पाऊस.

अहो, ती पाणी बाहेर पडायची वाट होती!

गडाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की कोण कुठल्या पक्षाचा यावरच भांडण सुरू होईल आणि भिंत बाजूला राहील. मला भिंतीबद्दलच बोलायचंय.

तट म्हणजे एकसंध दगड नसतो. बाहेरून घडीव दगड, आतूनही दगड आणि मध्ये माती-मुरूम-डबराचा भराव. वरच्या फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, पडलेला पाऊस थोडाफार या भरावात मुरतोच. मुरलेलं पाणी खाली उतरतं आणि अशाच भोकांतून, सांध्यांतून बाहेर येतं. सह्याद्रीत कित्येक ठिकाणी तट शुष्कसांधी आहे, म्हणजे दगडावर दगड, मध्ये चुनासुद्धा नाही. तिथे प्रत्येक सांधा पाणी सोडतो. बांधणाऱ्याने विचार करून ठेवलेली सोय आहे ती. तुम्ही सांधे आणि भोक बुजवलंत की पाणी आत कोंडतं, भराव फुगतो, भिंतीला पोट येतं. मग एखाद्या श्रावणात वीस फूट तट खाली बसतो आणि आपण म्हणतो, पाऊसच फार झाला यंदा.

११ जुलै २०२५ ला पॅरिसच्या बैठकीत आपले १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. पेढे वाटले, डोळ्यांत पाणी आलं, सगळं खरं. पण युनेस्को गवंडी पाठवत नाही. १९७२ च्या करारात स्वच्छ आहे, वारशाची जबाबदारी आधी त्या देशाचीच. जागतिक वारसा निधी लहान आहे, त्यातून आपले तट बांधून मिळणार नाहीत. नियम मात्र कडक आहेत. मार्गदर्शक सूत्रांच्या १७२ व्या परिच्छेदानुसार मोठा जीर्णोद्धार किंवा नवं बांधकाम करायचं असेल तर निर्णय पक्का होण्याआधी जागतिक वारसा समितीला कळवायचं असतं. आणि मान मिळताना अस्सलपणा तपासला जातो, त्यात आकारासोबत साहित्य आणि कारागिरीही येते. म्हणजे त्या सांध्यातला चुनासुद्धा वारसाच आहे.

यादी कायमची नसते. पुलांच्या कामामुळे हंपी १९९९ ते २००६ धोक्यातल्या यादीत होती. जर्मनीतल्या ड्रेस्डेनने एल्बे नदीवर पूल बांधायचा हट्ट सोडला नाही, २००९ मध्ये नाव काढलं. लिव्हरपूलचं २०२१ मध्ये गेलं. एका भोकामुळे आपलं नाव निघणार नाही, मान्य. पण अशी किती भोकं बुजली याची नोंद कुणी ठेवतंय का?

आता चुन्याचं सांगते, कारण 'चुना कुठे मिळतो हल्ली' हे ऐकून कान किटलेत. मिळतो! कळीचा चुना आणायचा, हौदात पाण्यात विरवायचा. उकळी फुटते, वाफा येतात, डोळे सांभाळायचे. मग चाळून निदान दोन-तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. घाईत वापरला तर न विरलेली कणी भिंतीत गेल्यावर फुलते आणि दरज, म्हणजे दगडांमधला भरलेला सांधा, फोडते. साधारण एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून. दमट जागी सुरखी वाढवायची, तिच्यामुळे ओलीतही चुना धरतो. घाणीत, म्हणजे चुना दळायच्या चक्कीत, मळायचा, बैल नसेल तर मोटारीवरची घाणी चालते. गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालतात, पण बेताने. गूळ जास्त झाला तर चुना आळता आळत नाही.

दरजा भरायच्या तर आधी जुना मेलेला चुना सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल हाताने खरवडायचा, ग्राइंडर लावायचा नाही. माती धुवायची, सांधा ओला करायचा, चुना ठोकून बसवायचा आणि दगडाच्या कडेपासून किंचित आत ठेवायचा. वर ओलं गोणपाट, दोन-तीन आठवडे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो. उन्हात एका दिवसात वाळवलात तर त्याची नुसती भुकटी होते. भर पावसात तर हे काम करूच नये.

सिमेंट दोन दिवसांत कडक होतं, हेच त्याचं आकर्षण. काळ्या पाषाणात त्याचा परिणाम पटकन दिसत नाही. कोकणात जांभ्यावर बघा: सिमेंटची दरज जशीच्या तशी आणि भोवतीचा जांभा झिजून आत गेलेला. दरज दगडापेक्षा मऊ हवी, म्हणजे झीज दरजेची होते. दरज पुन्हा भरता येते. दगड कुठून आणणार?

हो, स्वयंसेवक नसते तर अर्धे गड झाडोऱ्याखाली आणि प्लास्टिकखाली गेले असते. तेही कबूल, की परवानगीच्या कागदाला महिने लागतात. त्या गवंड्यावर तर माझा अजिबात राग नाही. हात किती सफाईदार होता त्याचा! त्याला कुणी चुना दिला असता तर त्याने चुनाही तसाच लावला असता. आणि दोन दगडांतली ती फट मुद्दाम ठेवलेली आहे, हे त्याला सांगायला तिथे कुणी नव्हतं.

चांगल्या हेतूने किती नुकसान होतं ते अजिंठ्यात दिसलंच आहे. १९२० ते २२ मध्ये निजामाच्या सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं टिकावीत म्हणून वर लाखेचं वार्निश दिलं. ते पिवळं पडलं, आक्रसलं आणि रंगाचे पापुद्रे ओढू लागलं. पुढच्या पिढ्या ते काढत बसल्या. लाख निदान विरघळवता येते. सिमेंट काढताना दगडाची कडच फुटते.

म्हणून हात जोडून सांगते, ते भोक पावसाआधी मोकळं करा. हौशीने नाही, पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीने आणि त्यांचा माणूस समोर ठेवून. संरक्षित स्मारकाला विनापरवाना हात लावणं गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आधी फोटो, मापं. मग बारीक छिन्नी आणि हलकी हातोडी, घाव सिमेंटच्या मधोमध, कडेच्या दगडावर नाही. आतले खडे एकेक करून काढायचे, पहार घालायची नाही. मग वर फांजीवर जाऊन उतार बघा, पाणी कुठे साचतंय ते शोधा, तिथे चुन्याचा कोबा करा. पिंपळाचं रोप असेल तर उपटू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापा आणि मूळ मारायचं औषध खात्याच्या रसायनतज्ज्ञाला विचारूनच लावा. शेवटी वरून दोन बादल्या पाणी सोडून खाली थांबा. लगेच नाही येणार, भरावातून उतरायला वेळ लागतो. भोकाच्या तोंडाशी दगड ओला झालेला दिसला की मग फोटो टाका. त्याला बदाम मी देईन.