१६ च्या पुढचं पोरगं म्हणजे थेट जेल? नाही हो

सांगली-मिरजेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की पोरगं सोळाच्या पुढचं असलं की भांडणाच्या केसमध्येपण थेट जेल आणि पोलीस भरतीचं स्वप्न कायमचं संपलं. हे चुकीचं आहे.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८ च्या आतलं पोरगं लॉकअपमध्ये किंवा जेलात ठेवताच येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं, आणि गुन्हा अजामीनपात्र असला तरी जामीन हाच नियम, नाकारायचा तर मंडळाला कारण लिहावं लागतं. १६ ते १८ चा वेगळा मुद्दा फक्त किमान ७ वर्षं शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत येतो, तिथंपण आधी मंडळ तपासणी करतं, मग मोठ्यांसारखा खटला चालवायचा का ते ठरतं.

भरतीचं म्हणाल तर, मोठा म्हणून खटला चाललेला नसेल तर दोषी ठरल्यावरसुद्धा पोरगं त्यामुळं अपात्र होत नाही, कलम २४ वाचा. पण घाबरून वय वाढवून सांगू नका प्लीज, शाळेचा किंवा जन्माचा दाखला घेऊनच जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, फोन १५१००. आणि पोराचं नाव-फोटो ग्रुपवर टाकणं हा गुन्हा आहे, टाकला असेल तर आत्ताच डिलीट करा.