धाक यमाचा की पंगतीचा?
‘नरकाची भीती पुरोहितांनी घातली’ हे नरकाच्या कल्पनेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अर्धंच पटलं. अमळनेरजवळच्या आमच्या गावात आजोबा गेले, तेव्हा गरुडपुराण वाचायला आलेले महाराज गोदानाचं एकदाच बोलले. ‘गाय दान केल्याशिवाय यमाच्या वाटेवरची वैतरणी नदी ओलांडता येत नाही’ हा धोशा लावला तो भाऊबंदांनी. ‘लोके काय म्हनतीन?’ वडिलांनी येणाऱ्या कापसाच्या भरवशावर उसनवारी केली, ती फेडायला दोन हंगाम गेले. यमापेक्षा तेराव्याच्या पंगतीत बसणाऱ्यांचाच धाक मोठा!

आणि आमची खानदेशातली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, लेखात कुठेच नाही. घागर भरायची, तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायचं, आमरस-सांजोऱ्यांचा नैवेद्य दाखवून आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास, विस्तवात टाकायची. तिथे मेलेला माणूस घरी जेवायला येतो; कुंभीपाक नरकातल्या उकळत्या तेलाची आठवणही कुणी काढत नाही.