चिठ्ठीवरची अक्षरे पाठ करून औषध देता येत नाही

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक तक्ता फिरतो आहे. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एसओएस म्हणजे तातडीने. ही अक्षरे जगभर एकच असतात, तेव्हा ती पाठ करा आणि मेडिकलवाल्याला न विचारता घरच्यांना औषध द्या, असे त्यात म्हटले आहे. मिरजेत औषधांच्या दुकानात रोज चिठ्ठ्या वाचणाऱ्याला हे मान्य होण्यासारखे नाही.

बीडी आणि टीडीएसबद्दल वाद नाही. एसओएसचा अर्थ मात्र साफ चुकला आहे. ती ‘गरज पडल्यास’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत, बुडत्या जहाजाच्या हाकेशी त्यांचा संबंध नाही. त्यातही दोन गोळ्यांमध्ये किती तासांचे अंतर ठेवायचे आणि दिवसाला जास्तीत जास्त किती घ्यायच्या, हे त्या तीन अक्षरांत कुठेच नसते.

‘जगभर एकच’ हेही खरे नाही. ओडी आपल्याकडे ‘दिवसातून एकदा’, पण डोळ्यांच्या कागदावर ‘उजवा डोळा’. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने 2004 मध्ये रुग्णालयांसाठी टाळायच्या संक्षेपांची यादीच काढली. रोज एकदा यासाठीचे ‘क्यूडी’, युनिटसाठीचे ‘यू’ आणि ‘1.0’मधले शेवटचे शून्य त्या यादीत आहेत.

या ‘यू’चा धोका मी स्वतः पाहिला आहे. एका आजींच्या चिठ्ठीवर इन्सुलिनच्या आकड्यापुढे हे अक्षर घाईत लिहिले होते आणि त्याचे उघडे तोंड मिटून त्याचे शून्य झाले होते. नातू म्हणाला, “काका, चाळीस युनिट म्हणजे सिरिंज पूर्ण भरायची ना?” लाल टोपीची एक मिलीची सिरिंज चाळीस युनिटांना भरतेच, त्यामुळे त्याचे गणित बरोबर होते आणि म्हणूनच मला धडकी भरली. डॉक्टरांना फोन लावला. डोस चार युनिटांचा होता. दहापट इन्सुलिनने साखर कुठवर उतरली असती, हे सांगायला नको.

मेडिकलवाल्याला विचारायचे नाही, या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो: संधिवातावरच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात आणि रोज घेतल्या तर त्या जिवावर बेततात. त्या देताना मी पाकिटावर कोणतेही अक्षर लिहीत नाही. ‘फक्त सोमवारी’ असे ठळक लिहितो आणि नेणाऱ्याकडून ते मोठ्याने वाचून घेतो.