खोकल्याची बाटली

आज सकाळी बाबांच्या गोळ्या आणायला मेडिकलवर गेले होते. माझ्यापुढे एक तिशीतला मुलगा. "भिया, खांसी की कोई अच्छी-सी सिरप दे दो।" कुणासाठी, हे दुकानदाराने विचारलंसुद्धा नाही, बाटली काउंटरवर. शेवटी मीच तोंड घातलं. तर म्हणे दीड वर्षाच्या मुलीला! म्हटलं, अरे, छिंदवाडा विसरलास? "आंटी, वो वाली कंपनी थोड़ी है।" दुकानदार हसला. मी तणतणत गोळ्या न घेताच परत आले.

2025 मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात, छिंदवाड्याकडे, खोकल्याचं औषध पिऊन वीसहून जास्त लेकरं गेली हो. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, मूत्रपिंडं निकामी झाली. त्या ऑक्टोबरात केंद्राने सगळ्या राज्यांना कळवलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नका, पाचच्या आतल्यांनाही सहसा नकोच. म्हणजे बाटली चांगल्या कंपनीची असली तरी नको. हसण्यासारखं काय आहे यात?

बाबांची गोष्ट माहीत आहे त्यांनी हे सोडून पुढे जा. दोन वर्षांपूर्वी ऐन थंडीत त्यांना कोरडा खोकला लागला. ताप नाही, कफ नाही, नुसती घशात खवखव आणि रात्रभर ठसका. आम्ही घरातल्या घरात निदान करून मोकळे: सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीतले गराडू, म्हणजे तळलेला मसालेदार कंद! "बाबा, तुमचा जिभेवर ताबाच नाही." गराडू बंद, ताक बंद, लिंबू बंद. पोह्यांवरची शेवसुद्धा बंद केली. इंदुरात! चार महिन्यांत सहा बाटल्या झाल्या. औषधाने ते दिवसभर पेंगायचे, तर आम्ही म्हणायचो, वय झालं.

आपल्याला खोकला म्हणजे शत्रू वाटतो. श्वासनलिकेत धूळ, धूर, कफ काहीही गेलं की शरीर ते बाहेर फेकतं, तोच खोकला. साध्या सर्दीनंतर तो अडीच-तीन आठवडे रेंगाळतो, आणि आपल्याला पाचव्या दिवशी बाटली हवी. मग अठराव्या दिवशी आपोआप थांबला की श्रेय बाटलीचं. व्हायरसच्या खोकल्यावर अँटिबायोटिक चालत नाही, हे तर मी भिशीत सांगून सांगून थकले.

खोकल्याला दोन आठवडे झाले की टीबीसाठी थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. "आमच्या घरात कुणाला टीबी?" हे उत्तर मला देऊ नका. रात्री-पहाटेच ढास लागते, छाती सुंई-सुंई वाजते, तर दमा असू शकतो. जेवून लगेच आडवं झाल्यावर खोकला येतो, तर कदाचित ॲसिडिटी. ही सगळी खोकल्याचीच कारणं, आणि आपण सगळ्यांना एकच झाकणभर पाजतो.

बाबांच्या बाबतीत काय निघालं? नव्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" बीपीची रॅमिप्रिल, दिवाळीत सुरू झालेली. तिच्याने काहींना असा कोरडा खोकला होतो. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गेला. चार महिने आम्ही त्या माणसाला शेवेवरून बोलत होतो. (हे वाचून कुणी आपल्या मनाने बीपीची गोळी बंद करू नका, नाहीतर माझ्यात आणि त्या दुकानदारात फरक काय?)

बरं, टाळता येण्यासारखं तरी आपण टाळतो का? बंद खोलीत मच्छरची कॉइल, देवापाशी धूप, आणि मग "ह्याला सारखा खोकला". परवा हळदीकुंकवाला एक बाई तळहातावर खोकल्या आणि त्याच हाताने तिळगूळ दिला. कोपरात खोका हो! कोविडमध्ये शिकलो होतो, कुठे गेलं ते? घरातल्या म्हाताऱ्यांना दरवर्षीची फ्लूची लस विचारा, बाळांची डांग्या खोकल्याची चुकवू नका.

मान्य आहे, रात्री तीनला लेकरू खोकून खोकून ओकायला लागलं की आईबापाला शहाणी शेजारीण नको असते, काहीतरी हातात हवं असतं. मीही माझ्या मुलाला पाजलीच होती की बाटली. आता लिहिताना वाटतंय, मेडिकलवरच्या त्या मुलावर उगाच ओरडले. डोळे लाल होते बिचाऱ्याचे. मुलगी वर्षावरची आहे, झोपताना अर्धा चमचा मध चालला असता (वर्षाच्या आतल्यांना मात्र चुकूनही नाही), कोमट पाणी पाजत राहा, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या गेल्या तर लगेच डॉक्टर गाठ. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी छिंदवाडा फेकून मारला.

बाबा आत्ताच विचारून गेले, गोळ्या आणल्या का. नाही आणल्या. निघते. येताना गराडू घेऊन येईन, वर जीरावन मसाला जास्त टाकून.