फिट आलेल्या पोराच्या तोंडात चमचा घालू नका, हात जोडते

परवा मावशीने फॅमिली ग्रुपवर तो मेसेज टाकला, 'तापात बाळाला फिट आली तर 5 घरगुती उपाय, प्रत्येक आईपर्यंत पोचवा'. तुमच्याकडेही आला असेलच. दातांत चमचा द्या नाहीतर जीभ गिळली जाते, कांदा किंवा चामड्याची चप्पल हुंगवा, गार पाण्याच्या टबात बसवा, दर 2 तासांनी तापाचं औषध द्या म्हणजे फिट येणारच नाही, आणि एकदा फिट आली की पोराला मिरगी लागली समजा. पाचवा तर उपायपण नाहीये, नुसती भीती आहे.

एरवी मी गप्प बसते, पण चमच्याचं वाचून डोकंच फिरलं, कारण हा चमचा आमच्या घरात वापरून झालाय. माझा भाचा तेव्हा दीड वर्षाचा, संध्याकाळपासून ताप होता, अचानक डोळे फिरवले, हातपाय ताठ झाले आणि झटके सुरू. बहिणीच्या सासूबाईंनी घाईघाईत स्टीलच्या चमच्याचा दांडा त्याच्या दातांत कोंबला. फिट दोनेक मिनिटांत थांबली, पण तोंडातून रक्त यायला लागलं आणि सगळे समजले की रक्त फिटमुळेच येतंय. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर खालचा पुढचा दात अर्धा तुटलेला, आणि तुटलेला तुकडा कुठेय ते कोणालाच माहीत नाही. तो श्वासातून फुफ्फुसात गेला नाही ना म्हणून छातीचा एक्स-रे काढावा लागला. तापासाठी नाही, चमच्यासाठी! तुकडा नंतर घरी चादरीत सापडला.

जीभ गिळली जातच नाही, ती खाली तोंडाच्या तळाशी धरलेली असते. एवढं मात्र खरं (मावशीच्या बाजूने मी इतकंच बोलू शकते) की उताणं पडलेल्या पोराची जीभ मागे सरकते, लाळ साचते आणि श्वास अडू शकतो. त्याला उपाय म्हणजे पोराला कुशीवर वळवायचं, लाळ-उलटी बाहेर वाहू द्यायची. तोंडात काहीही घालायचं नाही, बोट नाही, पाणी नाही, मध नाही, औषधपण नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत, गळ्याशी कपडे घट्ट असतील तर सैल करायचे. आणि घड्याळ बघायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्या वेळी दोन मिनिटंसुद्धा अर्ध्या तासासारखी वाटतात.

कांदा-चप्पल 'लागू पडते' तेही ह्याच घड्याळामुळे. तापातल्या बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्याआपण थांबतात. तुम्ही चप्पल शोधून आणेपर्यंत फिट संपायलाच आलेली असते, आणि श्रेय घेते चप्पल.

गार पाण्याचं काय बोलायचं, फिटमध्ये असलेलं पोर टबात? नाकातोंडात पाणी गेलं म्हणजे? शिवाय गार पाण्याने हुडहुडी भरते आणि अंग अजून तापतं.

औषधाबद्दल मलाही आधी मावशीसारखंच वाटायचं. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2008 सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की तापाच्या औषधाने पोराला बरं वाटतं, फिट टळत नाही. म्हणजे औषध द्या, पण पॅरासिटामॉल, वजनाच्या दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम, आणि दोन डोसमध्ये किमान 4 ते 6 तास. दर 2 तासांनी देत राहिलात तर लिव्हरची वाट लागेल. थेंबांच्या बाटलीतलं औषध सिरपपेक्षा बरंच तीव्र असतं, थोड्याशातच जास्त औषध, तेव्हा चमच्याच्या मापाने ओतू नका. आणि घरात मोठ्यांची उरलेली निमेसुलाईडची गोळी असेल तर तिला हातही लावू नका, 12 वर्षांखालच्या पोरांसाठी ती आपल्याकडे 2011 पासून बंद आहे.

मिरगीचं उत्तरही त्याच सूचनांत आहे. साधी फिट, म्हणजे 15 मिनिटांच्या आत थांबलेली, सगळ्या अंगाला आलेली, 24 तासांत पुन्हा न आलेली, अशी असेल तर सातव्या वर्षापर्यंत मिरगी होण्याची शक्यता साधारण 1 टक्का, म्हणजे बाकीच्या पोरांएवढीच. तापात पुन्हा फिट येऊ शकते हे खरं, पहिली वर्षाच्या आत आली असेल तर निम्म्या पोरांना येते, नंतर आली असेल तर साधारण 30 टक्क्यांना. 6 महिने ते 5 वर्षं हा ह्या फिटचा काळ, पुढे बहुतेकांची बंद होते.

पहिल्यांदा फिट आली असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. पण 5 मिनिटं झाली तरी थांबत नाही, पोर निळं पडतंय, थांबून लगेच पुन्हा आली, पोर नंतरही नीट जागं होत नाही, मान ताठ आहे, टाळू फुगलीये किंवा बाळ 6 महिन्यांपेक्षा लहान आहे, ह्यातलं एक जरी दिसलं तरी सरळ 108 लावा आणि फिट किती वाजता सुरू झाली ते सांगा.