सातबारा कोणाच्या नावावर आहे?

गेल्या पावसाळ्यात दोन रात्री जागून आम्ही ताईच्या मसाल्याच्या पाकिटांवर काळं मार्कर फिरवत होतो. तीन हजार पाकिटं. प्रत्येकावर वेबसाइटचा पत्ता छापलेला, आणि तो टाकला की भलत्याच कुणाचं मसाल्याचं दुकान उघडायचं.

साइट ओळखीतल्याच एका पोराने बनवली होती. शेवटच्या बिलावरून ताईशी वाजलं आणि पठ्ठ्याने पत्ता दुसरीकडे वळवला. परत हवाय? चाळीस हजार द्या.

वकीलबाईंनी पहिलंच विचारलं, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" ताई म्हणाली, "कुठच्या जमिनीचा?" "डोमेनचा हो, ताई, तुमच्या वेबसाइटच्या पत्त्याचा." बघितलं तर नाव त्या पोराचं, ईमेल त्याचा, मोबाइलही त्याचाच. सहा वर्षं पैसे भरले ताईने. कसणारी एक, उताऱ्यावर दुसराच.

डोमेनची भांडणं म्हटली की आपल्याला मोठ्या कंपन्याच आठवतात. तशी ती झालीही आहेत. रेडिफ या इंटरनेट पोर्टलच्या नावात एक अक्षर बदलून कुणी 'रॅडिफ' घेतलं, तेव्हा १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याला मनाई केली. पुढे २००४ मध्ये 'सिफी' या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डोमेनसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नसला, तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवू नये हे ट्रेडमार्कचं तत्त्व इथेही लागू होतं. पण माझ्या बघण्यातल्या छोट्या धंदेवाल्यांचं नाव कुणी परदेशी भामट्याने पळवलेलं नाही. ते अडकलंय साइट करून देणाऱ्याकडे, भाच्याकडे, फुटलेल्या भागीदाराकडे.

आणि इथे एक बारकी गंमत आहे. ताईचा पत्ता 'डॉट इन' होता, हे तिचं नशीब. 'डॉट कॉम'च्या तक्रारीत समोरच्याने नाव वाईट हेतूने घेतलं आणि वापरलंही, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. पोराने तर ते ताईच्याच सांगण्यावरून घेतलं होतं, त्यात कसला वाईट हेतू? शिवाय अशा तक्रारी ऐकणाऱ्या जिनिव्हाच्या वायपोकडे (संयुक्त राष्ट्रांची बौद्धिक संपदा संघटना) गेलात तर एका पंचाची फीच १,५०० डॉलर. 'डॉट इन'ची तक्रार निक्सीकडे, म्हणजे 'डॉट इन' नावं सांभाळणाऱ्या भारतीय संस्थेकडे जाते, आणि तिथे घेताना किंवा वापरताना, कुठेही एका ठिकाणी खोट दिसली तरी चालते. पंच डोमेन तुमच्या नावावर करायला सांगू शकतो. बुडालेल्या ऑर्डरींची भरपाई मात्र तिथे मागू नका, त्यासाठी कोर्टच.

पण नाव तुमचं आहे हे आधी सिद्ध करा! ट्रेडमार्क, म्हणजे ब्रँडच्या नावाची सरकारी नोंदणी, नव्हता. 'मालवणी मसाला' हे शब्द तर कुणाच्याच मालकीचे होणार नाहीत. सुदैवाने ब्रँडला आजीचं टोपणनाव होतं (इथे सांगत नाही, फुकटची जाहिरात नको). मग जुनी बिलं, अन्न परवाना, महोत्सवातल्या स्टॉलच्या पावत्या, छापखान्याचं पहिलं चलन, सगळं गोधड्यांच्या ट्रंकेतून निघालं. चांगला वकील यासाठीच हवा. दरडावणारी पत्रं कुणीही लिहील, पण कुठली पावती कामाची हे त्यालाच कळतं.

नोटीस गेली आणि अकराव्या दिवशी पोरगा पासवर्ड घेऊन दारात हजर. निक्सीपर्यंत जावंच लागलं नाही. त्याचे राहिलेले सहा हजार ताईने तिथल्या तिथे दिले. ते द्यायलाच हवे होते, माझं तर म्हणणं आधीच द्यायला हवे होते. अर्धं भांडण आपण स्वतः पोसलेलं होतं.

नंतर ट्रेडमार्कचा अर्ज केला. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन, मालाच्या एका वर्गासाठी सरकारी फी ४,५०० रुपये, मिळालं की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं निर्धास्त. या रकमेसाठी आपण तीन वर्षं 'बघू, बघू' करत होतो, आणि त्याच काळात साइनबोर्डच्या लायटिंगवर वीस हजार घातले! नावापुढे 'टीएम' नोंदणीआधीही लिहिता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, त्याला कायद्याने दंड आहे.

आणि हो, 'तुमचं नाव चीनमध्ये कुणीतरी नोंदवतंय, लगेच पैसे भरा' असा ईमेल आला तर घाबरू नका. तो जुना सापळा आहे. ताईलाही आला होता, रात्री साडेअकराला फोन करून तिने मला उठवलं.

आता तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी लाल पेनाने लिहिलंय: 'डोमेन, १४ तारीख, मीच भरणार.'